गाडीचे पाणी जाते कुठे?

पवनी तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. चार पाने आहेत आणि अक्षर सुरेख आहे. त्यांचे पती भंडारा-अड्याळ-पवनी मार्गावर प्रवासी जीप चालवितात. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, कर्ज काढून घेतलेली. गेल्या उन्हाळ्यापासून ती तापते. आधी रेडिएटर बदलला, मग पाण्याचा पंप बदलला. मग कोणी म्हणाले म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला. दिवाळीनंतर थंडी पडली, पहाटेच्या फेरीला हीटर लावला, तर त्यातून गार वारा! म्हणून हीटरची तोटीही बदलून झाली. दर दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस बरे जातात आणि पुन्हा काटा लाल रेघेकडे चढतो. गळ्यातील पोत गहाण पडली आहे. आता मिस्त्री म्हणतात की इंजिन उतरवावे लागेल. उतरवू द्यावे की गाडीच विकून मोकळे व्हावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर टपालाने त्यांच्या एकटीच्या पत्त्यावर पाठविता आले असते. परंतु आपल्या वस्त्यांमध्ये गाडीवर पोट असलेली घरे थोडी नाहीत. कोणाची जीप, कोणाचा छोटा टेम्पो, कोणी दुसऱ्याच्या गाडीवर रोजाने चालक. गाडी तीन दिवस मिस्त्रीकडे उभी राहिली की चौथ्या दिवशी घरातील दूध बंद होते. म्हणून हे उत्तर येथे सविस्तर देतो.

पत्रात एक ओळ अशी आहे, जी आम्ही दोनदा वाचली. रोज सकाळी दीड-दोन लिटर पाणी टाकावे लागते, पण ते तर सगळ्याच गाड्यांना लागते, असे त्या लिहितात.

नाही ताई, लागत नाही. खरा आजार त्या ओळीतच आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. रेडिएटर पाहिला, पंप पाहिला, तोटी पाहिली. रोजचे दोन लिटर पाणी जाते कुठे, हे मात्र कोणी विचारले नाही.

मोटारीला रोज पाणी पाजण्याची समजूत फार जुनी आहे आणि एके काळी ती खरीही होती. जर्मनीत ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेन्झ या बाईने आपल्या दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनविलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, चालवीत नेली. लांबच्या पल्ल्यावर मोटार नेणारी पहिली व्यक्ती ही बाई. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा तिने टोपीच्या पिनेने ती मोकळी केली, आणि गावोगावी थांबून गाडीत पाणी भरले. कारण त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जावे आणि त्याबरोबर इंजिनाची उष्णता जावी, अशीच रचना होती. पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीला विल्हेल्म मायबाख यांनी मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी बसविली. तिच्यात आठ हजारांवर बारीक नळ्या होत्या. वारा त्या नळ्यांतून जाई आणि पाणी त्यांच्या भोवतीने फिरे. त्यामुळे तेच पाणी फिरवून फिरवून वापरणे सोपे झाले. आजच्या गाडीत तर ही वाट पूर्ण बंदिस्त असते. पंप पाणी ढकलतो, ते इंजिनाच्या पोटातून तापून निघते, रेडिएटरमध्ये निवते आणि पुन्हा आत जाते. अशा गाडीत महिन्यातून एकदा बाटलीतील पातळी जराशी उतरली तर चालते. रोज दोन लिटर जात असेल तर भोक कुठेतरी आहेच.

पाणी जायला वाटा तीनच आहेत. गाडीबाहेर जमिनीवर, हीटरच्या जाळीतून गाडीच्या आत, किंवा इंजिनाच्या पोटात. चौथी वाट नाही. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी या तीनपैकी वाट कोणती, एवढे ठरवावे. ते ठरविण्याच्या बहुतेक परीक्षांना पैसा लागत नाही. सकाळची वेळ, एक वही आणि घरातील एखादी लिहिणारी मुलगी असली म्हणजे पुरे. बाटलीवर कागदी पट्टी चिकटवून रेघ मारावी. रोज गार इंजिनावर पातळी पाहावी, किती पाणी टाकले आणि गाडी किती किलोमीटर चालली ते लिहावे. आठ दिवसांची अशी नोंद मिस्त्रीपुढे ठेवली की बोलणेच वेगळे होते.

आधी जमीन. रात्री गाडीखाली जुने खोके उलगडून पसरावे आणि सकाळी ओल कुठे आहे ते पाहावे. पुढे पट्ट्याजवळ ओल असेल तर पंपाकडे बघा. पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. आतील सील खराब झाले की तेथून थेंब येतात. ते छिद्र बुजवायचे नसते. पुष्कळदा खोके कोरडे निघते आणि आपण समजतो की गळती नाही. पण तापलेल्या इंजिनावर पडलेला थेंब जागीच वाळतो, मागे पांढरट किंवा हिरवट खार सोडतो. पाइपांच्या चिमट्यांजवळ, रेडिएटरच्या कडांना, ब्लॉकवरच्या गोल पत्र्याच्या झाकणांना ती खार शोधावी. एसी असलेल्या गाडीखाली उन्हाळ्यात साधे पाणी ठिबकते, त्याला गळती समजू नये. बोटाला चिकट लागते का, वास गोडसर येतो का, ते पाहावे. चव मात्र कधीही घेऊन बघू नये. का ते शेवटी सांगतो.

यानंतर झाकण. सर्वांत स्वस्त भाग, आणि सर्वांत शेवटी आठवतो तोही हाच. भगिनींनो, हे तुम्हांला ड्रायव्हरपेक्षा लवकर कळेल. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरची शिट्टी आणि रबर दोन्ही. उघड्या गंजातले पाणी शंभर अंशांवर उकळते. दाबाखाली ते उशिरा उकळते, म्हणून कुकरात डाळ लवकर शिजते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर तेवढ्या दाबाखाली साधे पाणीही सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झाले, स्प्रिंग सैल पडली की दाब धरला जात नाही, पाणी शंभरावरच उकळते आणि बाटलीतून बाहेर फेकले जाते. इंजिनात काही दोष नसताना गाडी उकळते. झाकणाच्या मधोमध एक छोटी उलटी झडपही असते. गाडी गार होताना बाटलीतील पाणी तिच्यातून परत आत ओढले जाते. सकाळी बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा दिसला, किंवा रेडिएटरचा एखादा पाइप चपटा होऊन बसलेला दिसला, तर ती झडप अडकली असे समजा. नाहीतर बाटलीकडे जाणारी बारीक नळी कुठेतरी चिरली असेल.

झाकण गार गाडीचेच उघडावे. काटा वर असताना उघडले तर दाब सुटतो आणि आतील पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. किमान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा पाइप हाताला गार आणि मऊ लागला पाहिजे, मगच जाड फडके ठेवून हळूहळू फिरवावे. सवारी खोळंबली आहे, ती ओरडते आहे, म्हणून घाई करू नये. कोणी भाजलाच तर हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटे धरा आणि दवाखान्यात न्या.

दुसरी वाट गाडीच्या आतली. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसविलेला छोटा रेडिएटरच होय. इंजिनाचे तापलेले पाणी दोन पाइपांनी त्यात येते-जाते आणि पंखा त्यावरून वारा आत सोडतो. ही जाळी फुटली तर पायाखालची चटई ओली होते, काच आतून तेलकट धुक्याने भरते आणि गोड वास येतो. आपल्याकडे हीटरला कोण विचारतो, असे कोणी म्हणेल. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि त्याच नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये तो ३.५ अंशांवर उतरला होता. लाखनी-साकोलीमधला मोहघाट्याचा जंगलपट्टा जानेवारीच्या पहाटे ओलांडणाऱ्या चालकाला हीटर काय असतो ते विचारा. पण आमच्या दृष्टीने हीटरचा खरा उपयोग दुसराच आहे. वैद्य नाडी धरतो तशी हीटरवरून इंजिनाची नाडी कळते.

काटा वर चढत नाही आणि हीटरही गार, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे किंवा कोणी काढून टाकला आहे. काटा ठीक जागी आहे पण हीटर गार, तर हीटरच्या दोन्ही पाइपांना जपून हात लावावा. दोन्ही गरम असतील तर पाणी येते-जाते आहे, दोष वाऱ्याच्या झडपेत किंवा तिच्या तारेत. एक गरम आणि एक गार असेल तर जाळी तुंबली आहे किंवा तोटी उघडत नाही. आणि काटा वर, इंजिन तापलेले, तरीही हीटर गार, असे असेल तर त्यात पाणी नाही, हवा आहे. हवा नेहमी उंच जागी जमते आणि बहुतेक गाड्यांत हीटर उंचावर असतो. एक तर पाणी फार कमी झाले आहे, किंवा भरताना हवा आत अडकली आहे, किंवा कोठून तरी आत हवा येत आहे.

या तिसऱ्या कारणावर सर्वांत जास्त पैसा वाया जातो. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये एक गॅस्केट असते. एका बाजूला सिलिंडरमध्ये डिझेल पेटल्याचा दाब आणि शेजारीच पाण्याची वाट. पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट दाब तिकडे असतो. गॅस्केट एखाद्या ठिकाणी किंचित जळले की जळका वायू पाण्यात घुसतो. तो पाणी बाटलीकडे ढकलतो, बाटलीतून पाणी रस्त्यावर जाते, आणि वायू स्वतः हीटरमध्ये जाऊन बसतो. जमिनीवर गळती दिसत नाही, कारण पाणी चालत्या गाडीतून वाटेत सांडलेले असते. नवा रेडिएटर घातला तर काय होते? सगळे पाणी ताजे भरले जाते, हवा निघते, आठ-दहा दिवस बरे जातात. पंप बदलला तरी तेच, तोटी बदलली तरी तेच. पत्रातील आठ-दहा दिवसांचे कोडे आम्हांला असे उलगडताना दिसते. भाग बदलल्याने गुण आलाच नव्हता, तो ताज्या पाण्याने आला होता.

ही शंका घरच्या घरी तपासता येते. सकाळी गार इंजिनावर गाडी चालू करावी आणि एक-दोन मिनिटांत वरचा जाड पाइप दाबून पाहावा. पाणी तापायच्या आतच तो दगडासारखा कडक झाला, तर तो दाब वाफेचा नाही, जळक्या वायूचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार इंजिनावर झाकण उघडून पाणी काठापर्यंत भरावे, गाडी संथ चालू ठेवावी, तोंड दूर ठेवून बुडबुडे पाहावेत. सुरुवातीला थोडे येतात, ते अडकलेल्या हवेचे. पण दहा-पंधरा मिनिटे झाली तरी एका लयीत येतच राहिले आणि गाडी रेटल्यावर वाढले, तर गोष्ट गंभीर. पाणी उसळू लागले की लगेच बंद करावे. ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधाळ चहासारखे दिसत असेल तर पाणी ऑइलमध्ये गेले आहे आणि गाडी एक किलोमीटरही चालवू नये. गरम झालेल्या गाडीच्या धुराड्यातून सतत पांढरा धूर येत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात आहे. शेवटची खात्री निळ्या द्रावणाच्या परीक्षेने होते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रावणातून ओढतात. तीत जळका वायू असला तर निळा रंग पिवळा, डिझेल गाडीत हिरवट, होतो. हे द्रावण आणि पाण्याच्या वाटेत हाताने दाब भरून गळती शोधणारा पंप, या दोन वस्तू प्रत्येक गॅरेजमध्ये असाव्यात अशा आहेत. नसतील तर एका थांब्यावरच्या आठ-दहा चालकांनी वर्गणी काढून घ्याव्यात. एका चुकीच्या दुरुस्तीपेक्षा त्या स्वस्त पडतात.

तर ताईंच्या प्रश्नाचे उत्तर. काटा वर असताना हीटर गार, जमीन कोरडी, रोज दोन लिटर पाणी, आणि दर दुरुस्तीनंतर थोडेच दिवस आराम, ही सगळी लक्षणे एकत्र घेतली तर हेड गॅस्केटची शंका दाट आहे. पण बदलाचा निर्णय शंकेवर घेऊ नये, तेच तर आजवर झाले. आधी नवे झाकण लावून पाहावे, मग बुडबुड्यांची आणि निळ्या द्रावणाची परीक्षा करवून घ्यावी. शंका खरी ठरली तर हेड उतरवावे लागेल. अख्खे इंजिन उतरविण्याची पाळी बहुधा येणार नाही, हा फरक मिस्त्रीकडून आधी स्पष्ट करून घ्यावा. हेड उतरल्यावर नुसते नवे गॅस्केट दाबून बसवू देऊ नये. इतके महिने तापलेले हेड वाकलेले असण्याचा संभव मोठा. त्यावर सरळ पट्टी ठेवून फट तपासतात, वाकले असेल तर मशीनवर सपाट करतात, चीर गेली आहे का ते दाबाने पाहतात. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आवळायचे असतात. अंदाजाने आवळले तर तीन महिन्यांत हेच पत्र पुन्हा लिहावे लागेल. जुने गॅस्केट मागून घ्यावे आणि जळल्याची काळी रेघ कोठे आहे ते स्वतः पाहावे.

गाडी विकावी का? दोष काढल्यावर विकायची तर विका. दोष लपवून विकली तर ती घेणारा दुसरा कोणी आपल्यासारखाच कर्ज काढून घेईल, आणि त्याच्याही घरात कोणाच्या तरी गळ्यात पोत असेल.

काढून टाकलेला थर्मोस्टॅट मात्र परत बसवावा. आपल्याकडे ही खोड फार पसरली आहे. ‘काढून टाक भाऊ, गाडी थंडी राहते,’ असे थांब्यावर सर्रास ऐकू येते. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांच्या आसपास उघडतो. त्याआधी पाणी इंजिनातच फिरवून तो इंजिन लवकर तापवितो. तो काढला की इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त खाते, झीज वाढते आणि हीटर लागत नाही. शिवाय काही इंजिनांत त्याच्यामुळेच बंद होणारी आडवाट उघडी राहते, पाणी रेडिएटरला वळसा घालून जाते आणि गाडी उलट जास्त तापते. थर्मोस्टॅटची शंका असेल तर चुलीवर परीक्षा करा. एखाद्या टाकाऊ भांड्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने अधांतरी बुडवावा, पाणी तापवावे आणि उकळी येण्यापूर्वी तो उघडतो का ते पाहावे. भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये.

गाडी तापते कधी, यावरही पुष्कळ कळते. बाजारात उभी असताना, फाटकावर थांबल्यावर तापते आणि रस्त्याला लागली की निवते, तर दोष पंख्यात, त्याच्या पट्ट्यात किंवा क्लचमध्ये. गावात ठीक आणि भरधाव भरल्या गाडीत तापते, म्हणजे ऑक्टोबरात दीक्षाभूमीला निघालेली, टपावर सामान आणि आत दाटीवाटीने माणसे अशी, तर पाणी किंवा वारा पुरेसा जात नाही. आपला जिल्हा धानाचा. मळणीच्या दिवसांत रस्त्यावर तणस, तूस, कोंडा उडतो आणि रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसतो. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते. एसी असेल तर त्याची जाळी पुढे आणि कचरा दोन्हींच्या मध्ये अडकलेला. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला बेताच्या धारेने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने पातळ पाती वाकतात.

आतून तुंबण्याला मात्र बोअरचे पाणी कारण होते. पाणी तापविण्याच्या गंजाला बुडाशी जी पांढरी खार धरते, तीच रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्यांत धरते. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला वरची टाकी काढून सळई फिरविता येत असे, टाका मारता येत असे. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात हे काम सांगायला नको. हल्लीच्या अॅल्युमिनियमच्या जाळीला आणि प्लॅस्टिकच्या टाकीला ते सहसा जमत नाही. म्हणून बॅटरीत टाकतो ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे वापरावे. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिला असेल तोच घ्यावा. रंगावरून ओळखू नये, दोन कंपन्यांचे हिरवे पाणी एकच असेल असे नाही. कूलंट केवळ बर्फाच्या देशासाठी आहे हा गैरसमज आहे. त्याने पाणी उशिरा उकळते आणि आतील धातू गंजत नाही.

रस्त्यात गळती लागली तर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची जुनी युक्ती ट्रकवाल्यांत आहे. बारीक गळती तिने थांबते, नाही असे नाही. अडल्या वेळी घर गाठायला ठीक. पण हळद असो की बाजारातील गळतीची पावडर, तिला गळतीचे भोक आणि हीटरची बारीक नळी यांतला फरक कळत नाही. घरी आल्यावर सगळे धुऊन काढावे लागते, आणि ते कोणी करीत नाही.

पाणी भरतानाही हवा अडकते. गाडीचे तोंड चढावर करून उभी करावी, हीटरचा खटका गरमवर ठेवावा, हवा सोडण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करावा आणि हळूहळू भरावे. थर्मोस्टॅट उघडून हीटरमधून गरम वारा येईपर्यंत गाडी संथ चालू ठेवावी आणि अधूनमधून वरचा पाइप दाबावा. एवढ्यानेच बरे झालेले ‘जुनाट’ हीटर आम्ही पाहिले आहेत.

आणि वाटेतच काटा चढू लागला तर? एसी बंद करा, काचा उघडा, हीटर पूर्ण सोडा. मे महिन्यात सवारी शिव्या देतील, देऊ द्या. तो दुसरा रेडिएटर आहे, इंजिनाची थोडी उष्णता तो काढतो. हीटरमधून गरम वारा आला तर सावकाश सुरक्षित जागा गाठून थांबा. गार वारा आला तर आत पाणी उरलेले नाही, तेथेच बाजूला घेऊन बंद करा. पुढच्या गावापर्यंत रेटले तर हेड जाते. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतू नका, त्याने हेडला चीर जाते.

मिस्त्री लोकांविषयी दोन शब्द. भंडाऱ्यापासून तुमसर-साकोलीपर्यंत गॅरेजात काम करणारी मुले आपलीच आहेत. कोणी आयटीआयमधून मोटार मेकॅनिक होऊन आलेला, कोणी लहानपणापासून पाने-पकडी देत शिकलेला. त्यातला प्रत्येक जण फसवतो, असे म्हणणे आम्हांला पटत नाही. गिऱ्हाईक स्वतःच जाऊन ‘रेडिएटर बदलून दे’ म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत गाडी मागतो, मग तो बदलून देतो. त्याऐवजी ‘पाणी कुठे जाते ते शोधून दे, शोधण्याची मजुरी वेगळी देतो’ असे म्हणून पाहा. शोधण्याला मजुरी द्यायची असते, हे आपण अजून मान्य केलेले नाही. डॉक्टरला तपासणीचे पैसे देतो ना?

आता चवीची गोष्ट. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विष आहे. थोडेसेही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते, मूत्रपिंडे निकामी होतात. त्याचा रंग सरबतासारखा असतो आणि आपल्याकडे उरलेले कूलंट ठेवतात कशात, तर थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, ओट्याखाली! आजच घरात पाहा आणि अशी बाटली असेल तर ती काढा. मूळ डब्यातच, झाकण घट्ट करून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. अंगणात सांडले तर भरपूर पाण्याने धुऊन काढा, कुत्री-शेळ्या गोडाला चाटतात. जुने काढलेले नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या. कोणाच्या पोटात गेलेच, तर त्रास दिसेपर्यंत वाट पाहू नका. सुरुवातीला माणूस नुसता झिंगल्यासारखा वाटतो आणि घरचे झोपू देतात. डबा बरोबर घ्या आणि त्याच क्षणी रुग्णालय गाठा.